एक नंबरची बरणी

वडपाडा,
२४ जून २०२५

आदरणीय पंडित नानांना,

दिपमालाचा नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी पारोळ्याची, आणि या जूनपासून वडपाड्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले आहे. शिकले मराठी, पण विज्ञानाची जागा रिकामी असल्यामुळे तेही माझ्याच गळ्यात पडलं. मुख्याध्यापक हितेंद्र सर म्हणाले, 'या शाळेत आठ वर्षं विज्ञान शिकवलेले नाना जळगावला असतात. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, पण पत्राला उत्तर देतात.' इथे रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा आपलं दोघांचं पत्रावरच जमणार.

तुमचं कपाट तुम्ही गेल्यापासून, म्हणजे १९९९ पासून बंद होतं. मागच्या आठवड्यात सरांनी कुलूप तोडलं. वरच्या फळीवर दहा खणांची लाकडी पेटी आहे, दगडांची. झाकणाच्या आत तुमच्या अक्षरात लिहिलंय, '१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण'. त्याखाली काळी चार ढेकळं, कोळसा असावा. आणि सगळ्यांत खाली आठ बरण्या, त्यांत साप. मी ते पाहिलं, दार लावलं आणि दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मला सापाची फार भीती वाटते, हे आधीच सांगून ठेवते.

बरण्यांवरच्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या आहेत. रंगाने लिहिलेले १ ते ८ आकडे तेवढे शाबूत आहेत. कोणता साप कोणता, ते कळवाल का? जुलैत समिती येणार आहे, शाळेला श्रेणी द्यायला. मागच्या वर्षी आपल्याला 'ड' मिळाली. पुन्हा 'ड' आली तर एकतीस मुलांची ही शाळा दुसरीकडे जोडून टाकतील असं सर म्हणतात. मग पावसाळ्यात नाला ओलांडून ही मुलं कशी जाणार? तुमचं कपाट लावून दाखवता आलं तर काहीतरी होईल असं मला वाटतं.

आपली,
दिपमाला

*

जळगाव,
१ जुलै २०२५

दिपमालाबाईंस,

पंडित नानाचे आशीर्वाद. तुमचं पत्र सूनबाई सुलक्षणेने हातात दिलं आणि मी ते जेवायच्या आधी दोनदा वाचलं. ते कपाट भंगारात गेलं असेल असं धरून चाललो होतो.

समितीला काय दाखवायचं ते सांगतो. त्या कपाटात वस्तू नाहीत, क्रम आहेत. विज्ञानात जिथे मोजता येत नाही तिथे माणूस आधी रांग लावतो. दगडांच्या पेटीत पहिला संगजिरे, नखाने ओरखडा उठतो. सातवी गारगोटी. दहाव्या खणात हिरा कुठला आणणार, म्हणून धुळ्याच्या एका काचवाल्याची झिजलेली हिरकणी ठेवली आहे. मुलांना एवढंच ठसवा, की पुढचा दगड मागच्यावर ओरखडा काढतो. किती पट कठीण, ते हा आकडा सांगत नाही. नववा आणि दहावा शेजारी बसतात, पण त्यांच्यातलं अंतर पहिल्या नवांच्या अंतरापेक्षाही मोठं आहे. रांगेत जागा कळते, अंतर कळत नाही.

कोळशाचंही तसंच. चार ढेकळांतलं पहिलं झाडाच्या मुळांसारखं दिसेल, चौथं काचेसारखं चमकेल. जितका जास्त काळ दाबला गेला, तितकी त्याची श्रेणी वर. सजीवांना नावं देतात तिथेही पायऱ्या आहेत, जाती, प्रजाती, कुल, गण, वर्ग. एवढं झालं तरी समिती चहा घेतल्याशिवाय जाणार नाही.

आता साप. ते आठ नंबर मी स्वतः लावले. दगडांच्या पेटीला जे लागू, तेच बरण्यांना लागू, हे लक्षात ठेवा. नावं मात्र मी मुद्दाम शिकवत नसे. एका पाड्यावरचं नाव पुढच्या पाड्यावर दुसऱ्याच सापाला असतं, आणि गावात कितीतरी माणसं सापाचं नावच घेत नाहीत, नुसतं जनावर म्हणतात. नंबर मात्र सगळीकडे एकच. माझी मुलं शेतातून ओरडायची, 'गुरुजी, तीन नंबर!', आणि ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळायचं. तुम्हीही नंबरच शिकवा. पहिला पहिलाच का, त्यामागे एक गोष्ट आहे. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही.

भिऊ नका. बरणीतला साप कोणाला काही करत नाही.

पंडित नाना

*

वडपाडा,
९ जुलै २०२५

आदरणीय नानांना,

तुमच्या पत्राने माझा जीव भांड्यात पडला. मी ते वर्गात वाचून दाखवलं. दगडांवर ओरखडे काढून झाले, कोळसा हाताळून सगळ्यांची तोंडं काळी झाली. आणि मग खालची फळी. तुम्ही लिहिलंत तसं दगडांच्या पेटीप्रमाणेच शिकवलं. एक नंबर सगळ्यांत गरीब, आठ नंबर सगळ्यांत जालीम. दोन दिवसांत मुलांना पाठ झालं.

आता खरी बातमी. आपल्या शाळेत जिवंत एक नंबर आहे! शुक्रवारी लाकडांच्या ढिगामागे मुलांना सापडला. अंगावर बारीक पांढरे पट्टे, अगदी बरणीतल्यासारखे. रंजना नावाची सहावीतली मुलगी आहे, धीट. तिने काठीने उचलून झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत घातला. नाना, तुम्हाला हसू येईल, पण इतका गरीब साप मी कल्पनेतही पाहिला नव्हता. हात लावला की वेटोळं करून त्यात तोंड लपवतो. रंजनाने दोनदा मनगटावर घेऊन दाखवला. मी लांबूनच पाहिलं, पण पाहिलं. बुधवारी १६ तारखेला सकाळी अकराला समिती येते आहे. रंजना साहेबांसमोर तो हातात धरून सापांचा क्रम सांगेल. गरीब साप मारू नये, असं शेवटी म्हणेल.

तोवर बरणी उघडायची नाही असं मी बजावलं आहे. शाळेत उंदीर फार, म्हणून ती रंजनाच्या घरी ठेवली आहे, तिच्या गोधड्यांच्या फडताळात.

तिच्या आजीने, भिकुबाईने, थोडा गोंधळ घातला. आज दुपारी शाळेत आली आणि दारातूनच ओरडायला लागली, 'बाई, हाई जनावर वाईट शे. सोडी दे त्याले.' मी तिला हाताला धरून कपाटापाशी नेलं. म्हटलं, आजी, हे बघा, नानांनी स्वतः लिहिलेला नंबर आहे, एक. एक म्हणजे सगळ्यांत गरीब. तुमचा आपला समज आहे. ती त्या बरणीकडे बराच वेळ बघत राहिली. मग निघून गेली. तिला पटलं असावं.

पोस्टाची पिशवी इथून आठवड्यातून दोनदाच जाते. हे पत्र तुम्हाला १६ च्या आत मिळालं तर मनात आशीर्वाद द्या.

आपली,
दिपमाला

*

धुळे बसस्थानक,
१५ जुलै, दुपारी अडीच

दिपमाला,

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही. मीच येतो आहे. पण साक्रीच्या गाडीला अर्धा तास आहे आणि मला नुसतं बसवत नाही. मला वाटेत काही झालं तर हा कागद कोणीतरी तुझ्यापर्यंत पोचवावा, म्हणून सगळ्यांत वर लिहितो.

एक नंबर म्हणजे मण्यार. एक नंबर सगळ्यांत जहाल. क्रम उलटा आहे. बरणी उघडू नका. त्या मुलीला हात लावू देऊ नका.

आज सकाळी साडेनऊला तुझं पत्र आलं. सुलक्षणेने तुझा नंबर लावला, हितेंद्रचा लावला, दहा-दहा वेळा. बंद. पिंपळनेरच्या चंपालाल शेठच्या दुकानात लागला. ते म्हणाले, वडपाड्याची जीप दोन दिवस बंद आहे, नाल्याला पाणी आहे, पण कोणी जाणारं भेटलं तर निरोप देतो. कोणी भेटलं की नाही, कोणास ठाऊक. मुलगा कामावर होता. मी थांबलो नाही.

पोरी, चूक तुझी नाही. मी लिहिलं होतं, दगडांना जे लागू तेच बरण्यांना लागू. मला म्हणायचं होतं की आकड्यावरून अंतर कळत नाही. तू त्याचा अर्थ घेतलास तोच कोणीही घेतला असता. दगडांत मोठा आकडा म्हणजे जास्त कठीण. कोळशात वर चढावं तसा माल पक्का. सजीवांच्या नावांत वर चढावं तसं आपल्याला कमी कळतं. आणि सापांना मी नंबर लावले ते वर्गात मुलांना लावतात तसे, पहिला तो सगळ्यांच्या पुढे. चार रांगा, वेगवेगळ्या टोकांनी मोजलेल्या, आणि कोणत्या टोकापासून मोजायचं ते मी फक्त एका पेटीच्या झाकणावर लिहिलं. बाकीचं मला पाठ होतं, म्हणून जगाला पाठ आहे असं समजलो. बरणीवरच्या चिठ्ठीत होतं, ती कसर खाऊन गेली. नावं शिकवायची नाहीत हा शहाणपणाही माझाच. 'मण्यार' एवढी तीन अक्षरं लिहिली असती तर पारोळ्याच्या मुलीला कळलं असतं.

दिवसा ते जनावर सुस्त असतं, तोंड लपवतं. म्हणून रंजना दोनदा वाचली. अंधार पडला की ते वेगळं होतं. आणि तू लिहितेस, ते तिच्या गोधड्यांत ठेवलंय. त्याचा दंश कळतसुद्धा नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. तुझ्या पत्रालाच सहा रात्री झाल्या. मी गाडीत बसल्यापासून त्या सहा रात्री मोजतो आहे.

पिंपळनेर, रात्री नऊ.

चंपालाल शेठच्या ओट्यावर बसलो आहे. निरोप पोचलेला नाही. माणूस नाल्यापर्यंत जाऊन परत आला. पहाटे उजाडताच पायी निघतो, वरच्या अंगाने, फरशीच्या पुलावरून. नऊ-दहा किलोमीटर जास्त पडेल. शेठ म्हणतात, 'नाना, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे धाडस करू नये.' ते काय म्हणाले ते त्यांनी मला लिहून दाखवलं. मी कागद परत दिला.

अंधारात लिहितो आहे. अक्षर लागत नसेल तर वरच्या ओळी तेवढ्या वाच.

*

वडपाडा,
२० जुलै २०२५

आदरणीय नानांना,

तुमच्या मुलाने तुम्हाला गाडीत घालून नेलं तेव्हा तुमच्या अंगात ताप होता. आता कसं आहे? सुलक्षणाताईंना दोन ओळी लिहायला सांगा.

त्या दिवशी तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. काय काय बोललं गेलं ते तुम्हाला कळलंच नाही. म्हणून सगळं लिहिते.

रात्रीत नाल्याचं पाणी ओसरलं होतं, समिती दहालाच आली. अकराला बरणी टेबलावर होती, वर फडकं बांधलेलं. मी रंजनाला हाक मारली. ती फडक्याची गाठ सोडत होती तेव्हा तुम्ही दारात आलात, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. 'मण्यार आहे! हात नको लावू!' तुम्ही इतक्या मोठ्याने ओरडलात की साहेबांच्या हातातला पेला पडला. मण्यार. तो शब्द मला माहीत होता नाना, माझ्या मावसभावाचा मित्र त्यानेच गेला. रंजनाने घाबरून हात काढला आणि फडकं खाली पडलं.

आत नुसतं वाळलेलं गवत होतं.

तुम्ही बरणीत वाकून पाहिलंत आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तुम्ही एकेका मुलाला दंडाला धरून बाहेर काढलंत. मग एकटे आत शिरलात आणि काठीने बाकं उलथी करायला लागलात, दप्तरं झटकायला लागलात.

तुम्ही आत असताना बाहेर भिकुबाई आली होती. ती पटांगणात उभी राहून म्हणाली, 'काय शोधी ऱ्हायनात? जनावर नही शे आठे. त्याच दिन सांजले मी नालाना पलीकडे सोडी दिन्हं. बरणीमा चारा भरी दिन्हा.' साहेबांनी विचारलं, आजी, मग बाईंना सांगितलं का नाही? ती म्हणाली, 'सांगं व्हतं ना. माले कोन इचारस?'

मग ती माझ्याकडे वळली. नाना, हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अक्षर दिसत नाही. ती माझेच शब्द मला ऐकवत म्हणाली, 'बठ्ठास्मा गरीब, म्हने. त्या बरणीमातलं जनावर मन्हा पोऱ्याले, पुनाले लागनं व्हतं. नानानी त्याले मन्हा घरमातून आनं आनि बरणीमा घालं, तव्हय मी आठेच उभी व्हतू.'

आतून तुमच्या काठीचा आवाज येत होता. सगळ्यांना कळलं होतं, तुम्हालाच नाही. तुम्ही अजून शोधत होतात. मला आत यायला हवं होतं, पण तुमच्यासमोर यायची लाज वाटली. वीस मिनिटं. शेवटी मी आले आणि फळ्यावर लिहिलं, 'साप शाळेत नाही. भिकुबाईंनी नऊ तारखेलाच सोडून दिला.' तुम्ही ते वाचलंत, उलट्या बाकावर बसलात आणि लहान मुलासारखे रडलात.

मी पारोळ्याहून पदवी घेऊन आलेली बाई. ज्या आईचं लेकरू त्या सापाने नेलं, तिचा हात धरून मी तिला तोच साप दाखवला आणि म्हटलं, तुमचा समज आहे. तिला ते पटलं असावं असंही मला वाटलं होतं. रोज संध्याकाळी गोधडी झटकताना मला रंजनाचं मनगट दिसतं. झोप लागत नाही.

श्रेणी कोणती मिळाली ते अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

बरण्यांचं काय करू? नंबर पुसून नावं लिहू का?

तुमची,
दिपमाला

*

जळगाव,
२७ जुलै २०२५

चि. दिपमाला,

ताप उतरला आहे. आठही बरण्यांवर नावं लिही, खाली विषारी की बिनविषारी तेही लिही, आणि कागद नको, रंगानेच लिही. नंबर पुसायचे की नाही, ते भिकुबाईला विचार. तो अधिकार तिचा.

पत्रात लिहिण्यासारखी नाही म्हटलेली गोष्ट आता लिहितो. तू तिला ती वाचून दाखव. मी समोर बसून सांगितलं असतं तर ती काय बोलली ते मला ऐकू आलं नसतं, आणि खरं सांगतो, मला तिच्या बोलण्याचीच भीती वाटते. कान जायच्या आधीही मी तिच्या दारावरून कधी गेलो नाही.

ऑगस्ट १९९६. पुना पाचवीत होता. सकाळी शाळेत आला तो पोट धरून. म्हणाला, गुरुजी, पोट दुखतंय. पापण्या मिटत होत्या. मी त्याला म्हटलं, रात्री जागलास आणि आता शाळा बुडवायचं निमित्त शोधतोस. मागच्या बाकावर बसवला. दुसरा कुठला मुलगा असता तर मी कपाळाला हात लावून पाहिलं असतं. पण वर्गात पुनाचा नंबर शेवटचा होता. शेवटच्या नंबरच्या मुलाचे डोळे मिटायला लागले तर तो आळशी, असं मी धरून चाललो. मधल्या सुट्टीत त्याची जीभ जड झाली तेव्हा घरी पाठवला. बैलगाडी पिंपळनेरला पोचायच्या आत तो गेला. संध्याकाळी त्याच्या गोधडीखाली ते जनावर सापडलं.

मी विज्ञानाचा मास्तर. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या म्हणजे मण्यार, हे पुस्तकात वाचलेलं होतं. माझ्यासमोर चार तास ते बसलं होतं, आणि मी फळ्यावर दगडांचा क्रम लिहीत होतो.

त्यानंतर मी सापांना नंबर लावले. वर्गात त्याला मी शेवटचा नंबर दिला होता. म्हणून त्या बरणीला पहिला दिला.

तिला हे कोणी सांगितलेलं नाही. माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं मी भिऊन गप्प राहिलो. ती काय म्हणेल ते जसंच्या तसं लिही, गाळू नकोस.

पंडित

*

वडपाडा,
४ ऑगस्ट २०२५

नाना,

वाचून दाखवलं. भिकुबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत.

पत्र संपल्यावर म्हणाल्या, 'माले ठाऊक व्हतं. पुनानी घर इसन सांगं, माय, गुरुजीले वाटनं मी झोपी ऱ्हायनू.'

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तुम्ही नानांना कधी बोलला का नाहीत?

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, 'त्यासनी बरणीवर पुनाले पहिला नंबर लिखा व्हता ना. माले वाचता येस नही. पन एक वळखता येस.'

नंबर पुसू नको म्हणाल्या.

दिपमाला